बोट आहे, मोटर आहे. पण टाकीत काय आहे? पुराआधी विचारायचा प्रश्न

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की आधी एकच गोष्ट विचारतो, 'राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?' ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये तिने ५६ फूट ओलांडले. सुतारवाडा, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, तिकडे चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली कित्येक गावे पाण्यात होती. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना आठवण करून द्यायची गरज नाही.

त्या दोन पुरांनंतर जिल्ह्यात एक चांगली गोष्ट घडली. प्रशासनाने बोटी घेतल्या, सामाजिक संस्थांनी घेतल्या, तरुण मंडळांनी वर्गणी काढून घेतल्या. आपल्या काही जमातींनीही खिदमतीच्या भावनेने पैसे जमवून रबरी बोट आणि तिच्या मागे लावायची मोटर घेतली. बोट आली त्या दिवशी फोटो निघाले, हार घातले गेले, बातमीही झाली. पुढे काय झालं? बोट गुंडाळून ठेवली आणि मोटर एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली. टाकीत अर्धे पेट्रोल तसेच.

आज आम्ही त्या अर्ध्या टाकीबद्दल लिहिणार आहोत. विषय छोटा वाटेल, मिस्त्रीच्या कामाचा वाटेल. पण गेल्या काही वर्षांत पंपावरचे पेट्रोल बदलले आहे आणि त्याचा थेट संबंध पुरात अडकलेल्या माणसाशी आहे. म्हणून हा प्रश्न घराघरात समजून घेतला पाहिजे.

आम्ही काय पाहिलं

मागे एका जमातीच्या तरुणांनी आम्हाला बोलावलं होतं. पावसाळा तोंडावर आला होता आणि मोटर एकदा चालवून बघायची होती. अंगणात पाण्याने भरलेला मोठा ड्रम, त्याच्या कडेला फळी लावून मोटर बसवलेली. दोरी ओढली. दहा वेळा, पंधरा वेळा. सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दीड-दोन मिनिटांत बंद. पुन्हा दोरी, पुन्हा तेच.

'प्लग गेला असेल,' एकजण म्हणाला. 'नाही, मोटरच खराब दिली दुकानदारानं,' दुसरा. शेवटी शेजारच्या गॅरेजमधल्या वस्तादांना हाक मारली. दुचाकी दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस, बोटीच्या मोटरला आयुष्यात पहिल्यांदा हात लावत होता. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी टाकी आणि मोटर यांच्यामधल्या पाईपवरचा रबरी फुगा दाबून पाहिला. तो चपटा होऊन तसाच राहिला. मग त्यांनी टाकीचे झाकण पाहिले. झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद होता. तो सैल केला, 'सुस्स' करून हवा आत गेली आणि फुगा लगेच फुलला.

मोटर सुरू झाली आणि बंद पडायची थांबली. पण रेस दिली की गुदमरायची. वस्तादांनी ती बंद केली, गार होऊ दिली. मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू काढून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतले. बाटली स्थिर ठेवल्यावर दोन थर दिसले. वरचा निळसर, तळाशी पांढुरका. वस्ताद एवढंच म्हणाले, 'बाळांनो, हे पेट्रोल नाही राहिलं.'

त्या दिवशी पूर नव्हता, म्हणून हा किस्सा झाला. हीच मोटर पुराच्या पाण्यात, पाच-सहा माणसे बोटीत असताना, वीजतारा आणि झाडांच्या फांद्यांमध्ये बंद पडली असती तर? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटून किती घरे उद्ध्वस्त झाली हे आपण विसरलेलो नाही. तिथे बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती हे सगळीकडे छापून आलं. कारण कोणतंही असो, धडा एकच. पुराच्या पाण्यात बोटीवरचा ताबा सुटला की सावरायला वेळ मिळत नाही, आणि बंद पडलेल्या मोटरची बोट पाणी नेईल तिकडे जाते.

पेट्रोल बदललं म्हणजे नेमकं काय?

आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ पासून सुरू आहे. बरीच वर्षे प्रमाण कमी होते. २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर पोहोचले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे, म्हणजे 'ई-२०' पेट्रोल निवडक पंपांवर आले. हे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठले गेले. आता गावातल्या पंपावर जे मिळतं ते हेच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये यावरून देशभर वाद झाला. गाडीचे ॲव्हरेज कमी झालं, जुन्या गाड्यांचे रबर खराब होतंय, अशा तक्रारी होत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की, शून्य टक्क्यासाठी बनवून दहा टक्क्यासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के आणि दुचाकींचे तीन-चार टक्के कमी होऊ शकते. पेट्रोलियम मंत्रालयाचे म्हणणे असे की, भीती अवास्तव आहे. फार तर काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तो विषय तिथे थांबला.

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. कोल्हापूर हा उसाचा जिल्हा आहे. कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले तर उसाचे बिल वेळेवर निघण्याची शक्यता वाढते. आपल्या समाजातलीही किती घरे ऊसतोड, वाहतूक, कारखान्यातली नोकरी आणि थोड्याफार शेतीवर चालतात. परदेशातून येणारे तेल कमी व्हावे, यातही देशाचे भले आहे.

पण या सगळ्या वादात बोलणं झालं ते कार आणि मोटरसायकलबद्दल. वीस-तीस हजार किलोमीटरचा हिशोब रोज चालणाऱ्या गाडीला लागू पडतो. बचावकार्याची बोट किलोमीटर मोजत नाही. ती वर्षातले अकरा महिने उभी असते आणि बाराव्या महिन्यात पहिल्या दोरीला सुरू व्हावी अशी आपली अपेक्षा असते. ही मोटर चालून नाही, उभी राहून खराब होते. धोरण ठरवताना या मोटरचा विचार झालेला दिसत नाही. बोटीच्या मोटरी बनवणाऱ्या मोठ्या जागतिक कंपन्यांची मार्गदर्शक पुस्तिका उघडा. बहुतेकींमध्ये जास्तीत जास्त दहा टक्के इथेनॉल चालेल, असे लिहिलेले असते. पंपावर मात्र वीस टक्के आहे.

इथेनॉल आणि पाणी यांची दोस्ती

साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, ते तळाशी वेगळे बसते. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेते. त्यामुळे इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये थोडे पाणी गेले तर ते दिसत नाही, मुरून जाते. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरू शकते. पंचवीस लिटरच्या टाकीत हे सव्वाशे मिलिलिटर झाले, म्हणजे चहाचा एक मोठा कप. वीस टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा आणखी थोडी जास्त असते.

मर्यादेपर्यंत सगळे ठीक वाटते. मर्यादा ओलांडली की एकदम बिघडते. पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. टाकीतला पाईप पेट्रोल ओढतो तो तळातूनच. म्हणजे मोटरला सगळ्यात आधी जाते ते हे पाणी-इथेनॉलचे मिश्रण.

आपल्याकडच्या बऱ्याच बोटींच्या मोटरी टू-स्ट्रोक असतात. त्यांना वेगळी ऑईल टाकी नसते. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. थर वेगळे झाल्यावर ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, खालच्या थरात ते नसते. मग मोटर बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ऑईलशिवाय चालत राहते आणि आतून घासून कायमची जाते.

आता पाणी येते कुठून? हवेतल्या दमटपणाने येते हे खरे, पण ते हळूहळू. जास्त धोका वेगळा आहे. पावसात झाकण उघडून पेट्रोल ओतणे, ओला कॅन, ओले नरसाळे, उघडा राहिलेला हवेचा स्क्रू. पुराच्या दिवसांत आणखी एक: पाणी शिरलेल्या पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल. ज्या आठवड्यात बोट सगळ्यात जास्त लागते, त्याच आठवड्यात पेट्रोलमध्ये पाणी जाण्याचा धोका सगळ्यात जास्त.

२०१९ ला पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, कित्येक दिवस बंद राहिला आणि पेट्रोलचे टँकर अडकले. अशा वेळी माणूस मिळेल ते पेट्रोल घेतो, जुन्या कॅनमधले ओततो. तिथेच घात होतो.

बिघाड शोधायचा कसा?

मोटर सुरू होत नसेल किंवा चालून बंद पडत असेल तर घाबरून दोरी ओढत बसू नका. टाकीपासून सुरुवात करा आणि मोटरकडे या. खालचा क्रम आम्ही त्या वस्तादांशी आणि बचावकार्यात काम केलेल्या तरुणांशी बोलून मांडला आहे.

आधी पेट्रोलशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी पाहा. मोटर बंद करायची लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलला आहे का? अर्धा तास दोरी ओढून झाल्यावर क्लिप निघालेली होती हे लक्षात येणे, हा प्रकार नवा नाही.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. चालवताना तो उघडा, ठेवताना आणि नेताना बंद. बंद राहिला की टाकीत हवा जात नाही, त्यामुळे पेट्रोल बाहेर येत नाही. सुरू होऊन दोन-चार मिनिटांत बंद पडणाऱ्या मोटरचे पहिले कारण हेच.

त्यानंतर रबरी फुगा. हा फुगाच बिघाड कुठे आहे ते सांगतो. त्यावर बाणाची खूण असते. बाण मोटरकडे हवा. दाबताना फुगा उभा, बाण वर करून धरा.

फुगा चपटा होऊन तसाच राहिला, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, दुमडलेला पाईप पाहा.

फुगा कितीही दाबला तरी कडक होत नसेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय, किंवा फुग्याच्या आतली झडप गेलीय, किंवा टाकी रिकामी आहे. पाईपच्या दोन्ही टोकांची जोडणी, क्लिप आणि आतली रबरी रिंग तपासा. पेट्रोल मोटरमधून बाहेर ओघळत असेल तर कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई अडकली आहे. अशा वेळी मोटर सुरू करू नका, आगीचा धोका असतो.

फुगा कडक झाला आणि तरीही मोटर सुरू होत नसेल, तर टाकी-पाईपचा दोष नाही. पुढे मोटरमधला फिल्टर, पंप, कार्बोरेटर किंवा प्लगचा करंट, यात शोधा.

मोटर मरायला लागली की फुगा हाताने दाबत राहा. दाबल्यावर चालते आणि सोडल्यावर मरते, तर मोटरचा पेट्रोल पंप कमजोर आहे किंवा ओढणाऱ्या बाजूला गळती वा अडथळा आहे. पंपात रबरासारखा पातळ पडदा असतो. तो जुना झाला की कडक होतो. पाण्यात असताना ही युक्ती लक्षात ठेवा: एकाने फुगा दाबत राहिले तर बोट काठाला आणता येते.

चोक ओढला तरच चालते, सोडला की बंद? म्हणजे पेट्रोल कमी पोहोचतंय. जेटमध्ये कचरा किंवा सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा असेल. हळू चालताना मरते पण रेसवर ठीक, तर लहान जेट. हळू ठीक पण रेसवर गुदमरते, तर मोठा जेट, फिल्टर किंवा पाणी.

प्लग ओला, काळा आणि धूर खूप? चोक ओढलेलाच राहिला असेल, ऑईल जास्त पडले असेल किंवा फ्लोटची सुई धरत नसेल.

पाण्याची शंका असेल तर मोटर गार झाल्यावर कार्बोरेटरखालचा स्क्रू काढून थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी थेंब किंवा वेगळा थर दिसला की टाकी, पाईप, फिल्टर, कार्बोरेटर सगळे रिकामे करून नवे पेट्रोल भरा. हलवून किंवा वरून ताजे पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. असे पेट्रोल गटारात किंवा नदीत टाकायचे नाही. गॅरेजमध्ये जिथे जुने ऑईल गोळा करतात तिथे विचारा.

आणि सगळ्यात सोपी परीक्षा: दुसऱ्या चालू बोटीची टाकी आणि पाईप आपल्या मोटरला लावून बघा. त्यावर चालली, तर दोष टाकी-पाईपमध्ये. नाही चालली, तर मोटरमध्ये. अर्धे काम पाच मिनिटांत होते. पण जोडणीचे तोंड प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, तेवढे पाहून घ्या.

थोडा हिशोब, थोडा कायदा

पंचवीस हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर पूर्ण रेसवर तासाला साधारण दहा-बारा लिटर पेट्रोल पिते. म्हणजे पंचवीस लिटरची टाकी दोन तासांची. जाताना एक तृतीयांश, येताना एक तृतीयांश आणि उरलेले एक तृतीयांश अडचणीसाठी, असा हिशोब ठेवा. पुराच्या प्रवाहाविरुद्ध परतताना जास्त लागते.

ऑईलचे प्रमाण मोटरच्या पुस्तिकेत असते. पन्नासाला एक असेल तर लिटरला २० मिलिलिटर, पंचवीस लिटरला अर्धा लिटर. गाडीचे कोणतेही ऑईल चालत नाही. डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' असे लिहिलेले, पाण्यावरच्या मोटरसाठीचे ऑईल घ्या.

कायदाही माहीत असू द्या. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. धातूचे, घट्ट झाकणाचे भांडे आणि तेही पंचवीस लिटरपेक्षा मोठे नको. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या कॅनमध्ये पेट्रोल ठेवणे बेकायदा तर आहेच, घातकही आहे. मशिदीच्या किंवा मदरशाच्या आवारात, जिथे मुले झोपतात, तिथे पेट्रोलचे डबे साठवणे अजिबात नको. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायचे नाही. टाकी बोटीबाहेर, जमिनीवर ठेवून भरायची. आणि मोटर पाण्याशिवाय सुरू करायची नाही. तिचा पाण्याचा पंप रबराचा असतो, कोरडा चालला की थोड्या वेळातच जळतो.

प्रश्न फक्त मोटरचा नाही

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. आपण बोटीसाठी पैसे देतो, तिच्या देखभालीसाठी देत नाही. बोट घेतल्याचा फोटो निघतो, फिल्टर बदलल्याचा निघत नाही. ही सवय फक्त आपल्या जमातींची नाही, मंडळांची आहे, सरकारी खात्यांचीही आहे. पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण आपले घर नीट करू.

जमातीने वर्गणीतून घेतलेली बोट ही लोकांची अमानत आहे. ज्या विधवा माउलीने शंभर रुपये दिले, तिने बंद मोटरसाठी दिले नव्हते. म्हणून वर्षाच्या जमाखर्चात बोटीच्या देखभालीचा वेगळा रकाना हवा. रबरी फुगा आणि पाईप, फिल्टर, पंपाचा पडदा, दोन प्लग, एवढे सुटे भाग दरवर्षी हाताशी असले पाहिजेत. बोटीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

दुसरा मुद्दा माणसांचा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, बटालियन पुण्याजवळ आहे. अलीकडे पावसाळ्यात त्यांचे पथक आधीच कोल्हापुरात आणून ठेवतात, ही चांगली गोष्ट. तरी एका वेळी पन्नास ठिकाणी पाणी शिरलं तर पहिले काही तास स्थानिक तरुणच उपयोगी पडतात. २०१९ आणि २०२१ ला हेच झालं. आपल्या वस्त्यांतली पोरेही त्यात होती. कुणाची जात-धर्म कुणी विचारली नाही.

या पोरांकडे हिंमत आहे, शिक्षण नाही. आणि गंमत बघा, शिक्षण देणारा माणूस आपल्याच गल्लीत बसलेला आहे. कोल्हापूर-सांगलीच्या गॅरेजांमध्ये आपल्या समाजातले किती मिस्त्री आहेत हे वेगळे सांगायला नको. टू-स्ट्रोक स्कूटरचा कार्बोरेटर ज्याने हजार वेळा उघडला, त्याला बोटीची मोटर समजायला एक दिवस पुरतो. शिवाजी उद्यमनगरात तर ऑईल इंजिने बनवणारे हात तयार झाले. या वस्तादांचे हुनर समाजाने कधी मानाने वापरून घेतले नाही. पावसाळ्याआधी एक दिवसाचे शिबिर ठेवा. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आहे. अशा ठिकाणी सगळ्या समाजांच्या मंडळांना बोलावून ते होऊ शकते. वस्तादांना मानधन द्या, फुकटात राबवू नका.

तिसरा मुद्दा प्रशासनाकडे मागण्याचा. जिल्ह्यात संस्था, मंडळे, जमाती यांच्याकडे मिळून किती बोटी, किती मोटरी आणि त्यातल्या किती आज चालू आहेत, याची यादी आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे असावी. मे महिन्यात प्रत्येक मोटर पाण्यावर अर्धा तास चालवून तपासावी. बचावकार्याच्या मोटरींसाठी इथेनॉल नसलेले किंवा दहा टक्क्यांपर्यंतचे पेट्रोल तेल कंपन्यांनी जिल्ह्यातल्या दोन-तीन उंचावरच्या पंपांवर पावसाळ्यापुरते राखून ठेवावे. लाखो गाड्यांच्या तुलनेत ही मागणी थेंबाएवढी आहे. इथेनॉल धोरणाला त्याने धक्का लागत नाही. उलट जो जिल्हा देशाला इथेनॉल पुरवतो, त्यानेच ही सूट मागणे रास्त आहे.

कोकणातल्या आमच्या वाचकांसाठीही हे आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा, राजिवड्यापासून खाडीकाठच्या गावांपर्यंत छोट्या होड्यांना अशाच मोटरी आहेत. तिथे मोटर रोज चालते, त्यामुळे पेट्रोल शिळे होत नाही. पण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ती उभी राहते. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा समुद्रात जाण्याआधी टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरणे, तिथेही तितकेच जरुरी.

या आठवड्यात काय करायचं

ज्यांच्या जमातीत, मंडळात बोट आहे त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर एक फोन करा. टाकीतले पेट्रोल कधीचे आहे, विचारा. 'आठवत नाही' हे उत्तर आले तर ते काढून टाका. डब्यावर भरल्याची तारीख लिहायची सवय लावा. महिन्याहून जुने पेट्रोल पुरात न्यायचे नाही. पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे बघायचे असेल तर खुणा असलेल्या शंभर मिलिलिटरच्या काचेच्या नळीत ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून हलवा. तळातला थर १० वरून २८ च्या आसपास गेला की समजा वीस टक्के इथेनॉल आहे. (हे पेट्रोल ऑईल मिसळण्याआधीचे हवे, आणि प्रयोग मोकळ्या हवेत करा.)

पूर ओसरल्यावर मोटर ठेवतानाही एक काम. गोड्या पाण्यावर चालवत असतानाच पाईप काढा आणि मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. टाकी रिकामी करून वाळवा, झाकण आणि स्क्रू बंद करा. पाईप उन्हात टाकू नका. दर दोन महिन्यांनी ड्रममध्ये दहा मिनिटे चालवा.

पुरात मदत लागली तर ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या. आणि ज्यांना पोहता येत नाही, ज्यांच्याकडे लाईफ जॅकेट नाही, त्यांनी उत्साहाच्या भरात बोटीत चढू नये. खिदमत करायला गेलेला माणूस आधी घरी परत आला पाहिजे.

त्या अंगणातली मोटर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नीट चालली. वस्तादांनी पैसे घेतले नाहीत. जाताना त्यांनी पोरांकडून एक काम करवून घेतलं: टाकीवर पांढऱ्या रंगाने तारीख आणि त्याखाली 'स्क्रू उघडा' एवढे दोन शब्द लिहायला लावले. ज्या ज्या गावात बोट आहे, तिथल्या टाकीवर हे दोन शब्द यंदा पावसाआधी लिहिले जातील, इन्शाअल्लाह.